घुबड येण्याआधीच घडलेले छायाचित्र

काळ्याभोर अंधारात एक गव्हाणी घुबड समोरून आपल्याकडे पाहते आहे. दोन्ही पंख दोन्ही बाजूंना पूर्ण उघडलेले. बदामाच्या आकाराचा पांढराफटक चेहरा, त्यात दोन काळे डोळे, आणि चोचीत नुकतीच पकडलेली शिकार : उंदराच्या जातकुळीतला एक लहानसा जीव. चित्रात रंग नाही, झाड नाही, आकाश नाही. एरिक होस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराने १९४८ साली टिपलेले हे कृष्णधवल छायाचित्र. युरोपातल्या जुन्या घराण्यांच्या ढालींवर पंख पसरलेला गरुड कोरलेला असतो. या घुबडाचा पवित्रा तसाच आहे, म्हणून 'हेराल्डिक बार्न आउल' या नावाने ते जगभर ओळखले जाते. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची गोडी लागलेल्या माणसाने एकदा तरी त्याच्यासमोर निवांत बसावे, असे हे चित्र आहे.

पक्ष्याच्या छायाचित्राबद्दल बोलताना आपण मांडणी, प्रकाश आणि सुस्पष्टता या तीन गोष्टी हमखास काढतो. जणू तीन वेगळ्या विषयांचे तीन पेपर असावेत, तशी त्यांची तपासणी होते : मांडणी छान आहे पण डोळा शार्प नाही, शार्प आहे पण प्रकाश सपाट आहे. होस्किंगच्या घुबडापुढे ही पद्धत चालत नाही. एक गुण उचलायला जावे तर उरलेले दोन त्याच्याबरोबर येतात. ते असे एकमेकांत का गुंतले आहेत, हे शोधत गेलो की आपण कॅमेऱ्याजवळ थांबत नाही, त्या पक्ष्याच्या सवयींपर्यंत पोचतो. मला या चित्राबद्दल सांगायचे आहे ते हेच.

मांडणीपासून सुरुवात करू. छायाचित्रणाच्या पहिल्याच धड्यात सांगतात की विषय चौकटीच्या मधोमध ठेवू नये. पक्षी ज्या बाजूला पाहतो किंवा उडतो त्या बाजूला मोकळी जागा सोडावी. बगळा, धोबी, वेडा राघू यांच्या बाबतीत हा सल्ला खरा ठरतो. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांची ओळख बाजूने पटते; चोचीची लांबी, मानेचा बाक, शेपटीची रेघ सगळे बाजूने दिसते. समोरून पाहिलेला बगळा ओळखूसुद्धा येत नाही. घुबडाचे तसे नाही. त्याचे डोळे आपल्यासारखे समोर आहेत. चेहरा सपाट आहे आणि त्याची सारी ओळख त्या चेहऱ्यात आहे. म्हणून समोरासमोरची, डावे-उजवे तोललेली ही मांडणी पक्ष्याच्या शरीररचनेतूनच आलेली आहे. नियम मोडल्याचा आव तिच्यात कुठेही दिसत नाही.

या समतोलात एक गंमत दडलेली आहे. गव्हाणी घुबडाचा चेहरा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, पण पिसांखाली लपलेली त्याच्या कानांची भोके एका उंचीवर नसतात. एक वर, एक जरा खाली. आवाज दोन्ही कानांत किंचित वेगळा पोचतो आणि त्या फरकावरून घुबडाला मिट्ट काळोखातही गवतातल्या खसफसीची नेमकी जागा कळते. चेहऱ्याची तबकडी तो आवाज गोळा करून कानांकडे वळवते. हे माहीत असलेल्या माणसाला या चित्रातला चेहरा नुसता सुंदर वाटत नाही. तो शिकारीचे अवजार म्हणून दिसू लागतो, आणि त्या अवजाराने काय साधले ते बरोबर त्याच्या खाली, चोचीत लटकलेले असते. डोळे, चोच, शिकार अशी एक उभी रेघ चित्राच्या मधून जाते आणि दोन पंख तिच्या दोन बाजूंना उघडतात. शिकार गिळून न टाकता चोचीत धरून निघालेले घुबड पिल्लांकडे किंवा जोडीदाराकडे चाललेले असते. म्हणजे चौकटीत दिसत नसलेले घरटेही या उभ्या रेघेने आपल्याला सांगितले आहे.

पंखांचे काय? ढोलीच्या तोंडाशी किंवा तुळईवर बसलेले गव्हाणी घुबड सडपातळ, उभट दिसते. त्याचे वजन साधारण तीनशे ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून थोडे जास्त. पण पंख उघडले की त्यांचा विस्तार ऐंशी-नव्वद सेंटीमीटरपर्यंत जातो. एवढ्याशा देहाला एवढे मोठे पंख असल्यामुळेच ते शेतावरून संथ आणि बिनआवाज तरंगू शकते. मिटल्या पंखांचे छायाचित्र कितीही देखणे असले तरी हे गुपित त्यातून कळत नाही. होस्किंगच्या चित्रात ते एका नजरेत कळते. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर आणि देवळांच्या भिंतींवर गंडभेरुंड कोरलेला असतो, तोही समोरून आणि पंख पसरून. शिल्पकाराला सामर्थ्य दाखवायचे तेव्हा त्याने हाच पवित्रा निवडला. फरक इतकाच की शिल्पकाराने तो कल्पनेने घडवला आणि होस्किंगने तो खऱ्या घुबडाच्या उड्डाणातून वेचला.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पंख उघडे असूनही त्यांना चौकटीत ऐसपैस जागा मिळाली आहे. आज कॅमेऱ्याला डोळा लावून आपण पक्ष्याबरोबर चौकट हलवत जातो. इथे अंधार होता. कॅमेरा आधीच रोखून ठेवलेला होता. चौकट आखली तेव्हा तिच्यात पक्षी नव्हता; अजून न उघडलेल्या पंखांसाठी जागा राखावी लागली होती. ती किती राखायची हे पंख किती मोठे आहेत आणि ते कुठे उघडतील हे ठाऊक असलेल्यालाच सांगता येते.

आता प्रकाश. रात्रीचा पक्षी दाखवायचा तर प्रकाश सोबत न्यावा लागतो, आणि बाहेरून आणलेला प्रकाश बहुधा घात करतो. दिवा थेट लेन्सच्या शेजारून आला तर पिसांच्या थरांमधल्या सावल्या पुसल्या जातात, डोळ्यांच्या पडद्यावरून परतलेला उजेड बुबुळांतून चमकतो आणि पक्षी कागदी वाटतो. पांढऱ्या पक्ष्याला धोका अधिक. प्रकाश थोडा जास्त झाला की पोटाची आणि चेहऱ्याची बारीक पिसे विरघळून नुसता पांढरा डाग उरतो. होस्किंगच्या घुबडात पांढऱ्याच्याही पायऱ्या आहेत. चेहऱ्याच्या तबकडीची कड वेगळी दिसते, तिच्या आतला मऊपणा वेगळा, पंखाच्या आतल्या बाजूचा उजळपणा आणखी वेगळा. कृष्णधवल चित्रात रंगाचा आधार नसतो, त्यामुळे करड्या छटांच्या या पायऱ्यांवरच सगळी भिस्त असते.

मागचा काळा रंगही प्रकाशाच्या गणिताने आलेला आहे. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो : पक्षी दिव्यापासून दोन मीटरवर असेल तर चार मीटरवरच्या वस्तूला एक चतुर्थांश उजेड मिळतो, आठ मीटरवरच्या वस्तूला जेमतेम सोळावा हिस्सा. मागे उघडी रात्र असेल तर तिथून काहीच परत येत नाही. या काळ्या पार्श्वभूमीने दोन कामे केली. पांढऱ्या पंखांची कडा न कडा उठावदार केली, आणि हा प्राणी रात्रीचा आहे हे वेगळे न सांगता सांगितले. म्हणजे प्रकाश जिथे पडला नाही तिथेही त्याने मांडणी केली आहे.

आपल्याकडे या पक्ष्याशी गाठ पडते तीही बहुधा अशीच, अचानक उजेडात. रात्री एसटीच्या किंवा मोटारीच्या दिव्यांत रस्त्याकडेच्या खांबावर तो पांढरा चेहरा क्षणभर दिसतो आणि माणसे दचकतात. एकीकडे लक्ष्मीचे वाहन म्हणून घुबडाला मान द्यायचा आणि दुसरीकडे त्याला अपशकुनी ठरवून हाकलायचे, दगड मारायचे, हा आपला जुना दुटप्पीपणा आहे. खरे तर शेतातले आणि कोठारातले उंदीर-घुशी खाणारा हा शेतकऱ्याचा जवळचा सहायक. होस्किंगच्या चित्रातही उजेड क्षणाचाच आहे, पण तो भिववत नाही. एक बारकाईने घडलेला, कामात गुंतलेला जीव तो समोर ठेवतो. ज्याने हे चित्र नीट पाहिले त्याला घुबडावर दगड उचलणे अवघड जाईल, असे मला मनापासून वाटते.

तिसरी गोष्ट सुस्पष्टता. इथे काळाचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. १९३०च्या दशकात पक्षीछायाचित्रकार एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब वापरत. त्यांचा झोत सेकंदाचा साधारण पन्नासावा ते शंभरावा भाग टिकायचा. याच दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे तंत्र विकसित केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते पक्षीछायाचित्रकारांच्या हाती येऊ लागले. त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असायचा. समजा, घुबडाच्या पंखाचे टोक सेकंदाला पाच मीटर वेगाने हलते आहे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ते दहा सेंटीमीटर सरकेल आणि चित्रात नुसता धूसर फराटा उमटेल. पाच हजाराव्या भागात ते फक्त एक मिलिमीटर सरकेल. रात्रीच्या काळोखात दुसरा उजेडच नसतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडे होते याला महत्त्व राहत नाही. झोत जितका वेळ टिकला तेवढाच वेळ चित्रात उतरतो. म्हणजे या चित्रातली सुस्पष्टता प्रकाशानेच दिलेली आहे.

पण हे अर्धेच उत्तर झाले. मोठ्या आकाराच्या फिल्मवर किंवा काचेच्या प्लेटवर जवळून काम करताना लेन्समधून स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो. त्याच्या पुढचे-मागचे सारे धूसर होते. घुबड जरा तिरके असते तर एक पंख लेन्सकडे पुढे आला असता, दुसरा मागे गेला असता आणि दोन्ही धूसर झाले असते. इथे ते बरोबर समोर आहे. चेहरा आणि दोन्ही पंख लेन्सपासून जवळजवळ सारख्या अंतरावर, एकाच उभ्या पातळीत पसरले आहेत, म्हणून तो अरुंद पट्टाही त्यांना पुरला. ज्या मांडणीने चित्राला राजेशाही डौल दिला तिनेच त्याला सुस्पष्टताही दिली. तीन वेगळे पेपर तपासण्याची पद्धत इथे मोडते, असे मी म्हटले ते याचसाठी.

सुस्पष्टतेचा एक धोकाही असतो. सगळे सारखेच स्पष्ट झाले की पक्षी पेंढा भरून ठेवल्यासारखा दिसू शकतो. अतिवेगवान फ्लॅशने टिपलेल्या कितीतरी चित्रांत असे गोठलेपण आहे. हे घुबड त्यातून वाचले याचे कारण त्याच्या पवित्र्यात आहे. हा पवित्रा कोणताही पक्षी धरून ठेवू शकत नाही. पंख असे उघडतात ते वेग मारण्यासाठी, तोल सावरण्यासाठी. पुढच्या क्षणी ते मिटणार हे पाहणाऱ्याला आपसूक कळते. क्षण थांबला आहे, हालचाल थांबलेली नाही. सुस्पष्ट चित्रात प्राण राहण्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या क्षणाचा अंदाज पाहणाऱ्याच्या मनात उठावा लागतो, आणि इथे तो उठतो.

ज्या क्षणी हे चित्र घडले त्या क्षणी छायाचित्रकाराला यातले जवळजवळ काहीच दिसत नव्हते. अंधारात कॅमेऱ्यातून पाहून काही ठरवण्याची सोय नव्हती. घुबड कोणत्या वाटेने येईल, कुठे वेग कमी करील, पंख कधी उघडील याचा अंदाज आधी बांधायचा. त्या एका जागेवर फोकस लावायचा, तिथे पुरेल एवढा आणि तिथेच पडेल असा प्रकाश ठेवायचा, त्या जागेभोवती चौकट आखायची आणि मग लपणात बसून वाट पाहायची. तिन्ही निर्णय घुबड येण्याआधी झालेले होते आणि तिन्हींचा आधार एकच होता : घुबडाच्या येण्याजाण्याची खात्रीची ओळख.

ही ओळख होस्किंगला स्वस्तात मिळाली नव्हती. १९०९ साली लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणापासून पक्ष्यांच्या मागे होता. १९३७ साली वेल्समध्ये टॉनी आउल या घुबडाच्या घरट्याजवळ काम करताना अंधारात त्या पक्ष्याने त्याच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. त्यानंतरही त्याने घुबडांची छायाचित्रे काढणे सोडले नाही. पुढे १९७० साली आलेल्या 'ॲन आय फॉर अ बर्ड' या आत्मचरित्रात ही हकिकत आहे. आपल्यासमोरचे चित्र त्या घटनेनंतर अकरा वर्षांनी काढलेले आहे. त्यात घुबडाबद्दल राग नाही, भयही नाही. पिल्लांचे रक्षण करणाऱ्या पक्ष्याने जे केले ते त्याच्या स्वभावातले होते, हे ज्याला मान्य आहे त्याच माणसाची ही नजर आहे.

हे सगळे जुन्या काळाचे झाले, आज कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो आणि सेकंदाला वीस-तीस चित्रे काढतो, असे कोणी म्हणेल. मग भिगवणला चला. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित उतरतात आणि पहाटे कुंभारगावच्या काठावरून छायाचित्रकारांच्या नावा निघतात. इथे फ्लॅश नाही, अंधार नाही. पण प्रश्न तेच आहेत. रोहिताचे सारे वैभव पंखांत दडलेले असते. उभा असताना तो पांढरट-गुलाबी दिसतो, उडाला की पंखांवरचा लालसर पट्टा आणि पिसांची काळी किनार उघडते. तो उडताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पाण्यावर धावत सुटतो. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही छायाचित्रकाराच्या पाठीशी असतील तर पक्षी आपल्या बाजूला तोंड करून उठतो आणि त्याच्या अंगावर उजेड असतो. वारा उलटा असेल तर उत्तम कॅमेऱ्याच्याही वाट्याला पाठमोरे थवे येतात.

सुस्पष्टतेचेही तसेच. ऊन चढले की पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते, आणि दूरच्या पक्ष्याची कडा कितीही महागड्या लेन्समधून लिबलिबीत दिसते. इथे सुस्पष्टता लेन्सच्या किमतीवर अवलंबून नसते. ती पहाटे उठण्यावर आणि जवळ जाता येण्यावर ठरते. आणि जवळ किती जायचे हे मोटार बंद करून बांबूने नाव ढकलणारा नावाडी जाणतो. चरणारे रोहित माना वर काढून ताठ उभे राहिले की ते अस्वस्थ झाले आहेत. मग ते चालू लागतात, मग धावतात, मग उडतात. पहिल्या खुणेला थांबणाऱ्या नावेला चरणाऱ्या, भांडणाऱ्या, पिसे साफ करणाऱ्या रोहितांची चित्रे मिळतात. पुढे रेटणारीला घाबरून पळणाऱ्या पक्ष्यांची. दोन्ही चित्रे शार्प असू शकतील, पण त्यांतून कळणारा पक्षी एकच नसतो.

म्हणून होस्किंगच्या चित्राचे अनुकरण मी कोणाला सुचवणार नाही. घरट्याजवळ मुक्काम ठोकून आणि निशाचर पक्ष्यावर झोत टाकून काम करणे त्या काळात रूढ होते. आज आपल्याकडचे जबाबदार पक्षीमित्र दोन्ही टाळतात, आणि ते योग्य आहे. घरट्याभोवती गर्दी झाली की पक्षी घरटे सोडून जातात, शिकारी प्राण्यांना वाट कळते. आजचे कॅमेरे मंद संधिप्रकाशातही काम करतात, त्यामुळे फ्लॅशची सबबही उरलेली नाही. उचलायची ती त्याची तयारी : आधी पक्षी शिकायचा, मग चौकट आखायची.

पाहणाऱ्यालाही या चित्राकडून एक सवय घेता येईल. पक्ष्याचा फोटो समोर आला की फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी मोठा करून पिसे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पक्षी या चौकटीत असा का बसला आहे, आणि त्याच्या शरीराशी, सवयीशी त्याचा काय संबंध आहे? प्रकाशाने काय दाखवले आणि काय झाकले? जे स्पष्ट आहे त्यातून पक्ष्याच्या जगण्याबद्दल काय कळते? संगणकावर नंतर वाढवलेली सुस्पष्टता पिसांच्या कडेला पांढरट रेघ ओढते. या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नसते. पक्षी जाणून काढलेल्या छायाचित्रात तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जातात. होस्किंगच्या घुबडाने पाऊणशे वर्षांपूर्वी ही कसोटी घालून दिली. आजच्या उत्तमोत्तम कॅमेऱ्यांनी काढलेल्या चित्रांनाही ती लावावी, आणि जी टिकतील त्यांच्यावर मनमुराद प्रेम करावे.